जर्मन संस्थानांची चांदीची नाणी : आधी वजन, मग राजा

गोव्यात नाणी जमवणाऱ्यांची सुरुवात बहुतेक वेळा पोर्तुगीज रुपियाने होते. कलकत्त्याच्या टांकसाळीत १८८१ आणि १८८२ साली पाडलेला, तोळाभर वजनाचा तो रुपिया ओळखायला सोपा. एक राजा, दोन सालं, एक टांकसाळ. जर्मन संस्थानांकडे वळलं की हा सोपेपणा संपतो. १८७१ मध्ये साम्राज्य उभं राहिलं तेव्हा त्यात २५ घटक राज्यं होती. त्याआधीच्या तीन शतकांत तर राजे, ड्यूक, बिशप आणि स्वतंत्र शहरं असे असंख्य जण आपापली नाणी पाडत होते. नवशिका राजांच्या वंशावळी पाठ करायला बसतो आणि महिनाभरात कंटाळतो. राजा नंतर बघू. आधी नाणं काट्यावर ठेवा.

कारण ही नाणी राजाच्या मर्जीपेक्षा कराराने बांधलेली आहेत. प्रत्येक करारात मुख्य गोष्ट एकच ठरायची: अमुक वजनाच्या शुद्ध चांदीतून किती टालर, म्हणजे त्या काळची मोठी चांदीची नाणी, पाडायचे. जुनं माप होतं कोलोनचा मार्क, म्हणजे सुमारे २३३.८५ ग्रॅम. (हा मार्क वजनाचा. मार्क नावाचं आजोबांच्या काळातलं नाणं वेगळं, ते पुढे येईल.) जुन्या पवित्र रोमन साम्राज्याच्या १५६६च्या नियमाप्रमाणे एका मार्क शुद्ध चांदीतून ९ राइशटालर निघत. त्यात शुद्ध चांदी २५.९८ ग्रॅम आणि नाण्याचं एकूण वजन साधारण २९.२ ग्रॅम. १७५०मध्ये प्रशियाने ग्राउमान या अधिकाऱ्याच्या सल्ल्याने १४ टालर काढायला सुरुवात केली. शुद्ध चांदी १६.७० ग्रॅम, कस ७५० (म्हणजे हजारात ७५० भाग चांदी) आणि वजन २२.२७ ग्रॅम. १७५३मध्ये ऑस्ट्रिया आणि बव्हेरिया यांनी १०चा आकडा ठरवला, तोच कन्व्हेन्शन टालर: २८.०६ ग्रॅम वजन, कस ८३३. १८५७च्या व्हिएन्ना करारात मार्क गेला आणि ५०० ग्रॅमचा पौंड आला. त्यातून ३० टालर. हा फेरआइन्सटालर, वजन १८.५२ ग्रॅम, कस ९००, व्यास ३३ मिलिमीटर.

यातलं बरंचसं गणित नाण्यावरच लिहिलेलं असतं. कन्व्हेन्शन टालरवर रोमन दहा आणि पुढे ‘आइने फाइने मार्क’, प्रशियाच्या टालरवर रोमन चौदा आणि तेच शब्द, फेरआइन्सटालरवर रोमन तीस आणि ‘आइन फुंड फाइन’. हे तीन मजकूर ओळखता आले की दुकानदाराच्या हातातलं नाणं किती ग्रॅमचं असायला हवं हे त्याने किंमत सांगायच्या आत तुम्हाला माहीत असतं. दक्षिणेकडची राज्यं टालरऐवजी गुल्डनमध्ये हिशेब करत. त्यांचा १८३७नंतरचा एक गुल्डन १०.६ ग्रॅमचा. उत्तर-दक्षिण हिशेब जुळवण्यासाठी १८३८च्या ड्रेस्डेन कराराने एक दणदणीत नाणं काढलं: २ टालर, म्हणजेच साडेतीन गुल्डन, वजन ३७.१२ ग्रॅम. दोन्ही आकडे एकाच नाण्यावर छापलेले. हाताला जड लागणारं, आणि खिशालाही.

१८७३नंतर सोन्यावर आधारलेला मार्क आला आणि हिशेब फार सोपा झाला. एका मार्कामागे ५ ग्रॅम शुद्ध चांदी, कस सगळीकडे ९००. २ मार्क ११.११ ग्रॅम, २८ मिलिमीटर. ३ मार्क १६.६७ ग्रॅम, ३३ मिलिमीटर. ५ मार्क २७.७८ ग्रॅम, ३८ मिलिमीटर. राजाचा चेहरा किंवा शहराचं चिन्ह याच तीन किमतींच्या चांदीच्या नाण्यांवर. एक मार्क आणि त्याखालची नाणी सगळ्या साम्राज्याला सारखी. त्यामुळे ‘संस्थानांचा’ संग्रह करणाऱ्याने एक मार्कच्या मागे लागायचं कारण नाही.

इथे एक सापळा आहे. १६.६७ हा आकडा दोनदा येतो. फेरआइन्सटालरमध्ये १६.६७ ग्रॅम ही शुद्ध चांदी आहे. ३ मार्कच्या नाण्याचं ते एकूण वजन आहे, आत शुद्ध चांदी १५ ग्रॅमच. दोन्हींचा व्यास ३३ मिलिमीटर. भर म्हणजे जुना टालर १९०७पर्यंत ३ मार्क म्हणूनच चालत होता, आणि तो बंद झाल्यावर १९०८पासून ३ मार्कचं नवं नाणं आलं. ऑनलाइन जाहिरातींत या दोघांची वजनं आणि कस हमखास एकमेकांना चिकटवलेले दिसतात. जाहिरातीतल्या आकड्यावर न जाता नाण्यावरचा मजकूर वाचा: ‘ड्राय मार्क’ असेल तर १६.६७, ‘फेरआइन्सटालर’ असेल तर १८.५२.

काटा किमान ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे कुचकामी. चालून झिजलेल्या नाण्यात एक-दोन टक्के घट धरून चाला. १८.२ ग्रॅमचा फेरआइन्सटालर चालेल, १७.५चा असेल तर झीज डोळ्यांना तेवढीच दिसली पाहिजे. चेहऱ्यावर केस न् केस शाबूत आणि वजन मात्र ग्रॅमभर कमी, असं असेल तर ते नाणं परत करा. वजन जास्त भरलं तर अजून वाईट, कारण झिजून कुणाचं वजन वाढत नाही. १७५०च्या आधीच्या टालरांना मात्र थोडी सूट द्या. तेव्हा एकेक नाणं तोलण्यापेक्षा ढिगाचं एकत्र वजन जुळवलं जाई, त्यामुळे एकाच सालच्या दोन टालरांत अर्ध्या ग्रॅमचा फरक निघू शकतो.

वजन जुळलं म्हणजे चांदी असेलच असं नाही. पितळेचं नाणं थोडं जाड करून वजन जुळवता येतं, म्हणून पाण्यातली परीक्षा करायची. काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला ग्लास ठेवा आणि आकडा शून्य करा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असं धरा. काटा जो आकडा दाखवेल तो विस्थापित पाण्याचा. हवेतलं वजन भागिले हा आकडा, म्हणजे घनता. ९०० कसाच्या चांदीला ती १०.३च्या आसपास येते, ८३३ला १०.२, ७५०ला १०.०६. फेरआइन्सटालरचा पाण्यातला आकडा १.८० ग्रॅमच्या जवळ हवा, ५ मार्कचा २.६९. पाच मार्कच्याच वजनाचं पितळी नाणं ३.२च्या पुढे जातं. काटा ०.१ ग्रॅमचा असेल तर ही परीक्षा करूच नका, १.८मध्ये ०.१ची चूक म्हणजे उत्तराला काही अर्थच उरत नाही. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे घनता कमी दाखवतात. पाणी आधी उकळून गार करा आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, बुडबुडे सुटतात. आपल्याकडचं पाणी २८-३० अंशांचं असतं, त्यामुळे उत्तर किंचित जास्त येतं. त्याची काळजी नको. २.१९ ग्रॅमच्या सिल्बरग्रोशनसारख्या चिमुकल्या नाण्यावर मात्र घरच्या काट्याने ही परीक्षा जमत नाही.

म्हापशाच्या किंवा मडगावच्या सराफाकडे नेऊन खात्री करायचा मोह होईल. काट्यासाठी जरूर जा, पण दुकानात शिरताच सांगा की कसोटीच्या दगडावर घासायचं नाही आणि तेजाबाचा थेंब लावायचा नाही. दागिन्याला एक रेघ चालते, नाण्याच्या किनारीवरची रेघ त्याची किंमत कायमची उतरवते. क्ष-किरणांचं यंत्र असेल तर नाण्याला इजा होत नाही. पण ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. हलक्या कसाची छोटी नाणी पाडण्याआधी चकत्या आम्लात उकळून पांढऱ्या केल्या जात, त्यात वरचं तांबं निघून जाई आणि पृष्ठभागावर जवळजवळ निव्वळ चांदी राही. २२२ कसाचा सिल्बरग्रोशन म्हणूनच यंत्रावर आपल्या लायकीपेक्षा भारी ठरतो. मुलामा दिलेलं नाणंही तसंच फसवेल. यंत्र आणि पाणी, दोन्हींची साक्ष जुळली तरच विश्वास ठेवा.

किनार आणि अक्षर

नकली नाणं करणारा चेहऱ्यावर मेहनत घेतो आणि किनारीवर आळस करतो. साम्राज्याच्या ३ आणि ५ मार्कच्या किनारीवर खोलगट अक्षरांत ‘गॉट मिट उन्स’ आणि मधे नक्षी असते. २ मार्कची किनार नुसती दातेरी. प्रशियाच्या टालरवरही हेच शब्द, सॅक्सनीच्या टालरवर ‘गॉट झेग्ने झाख्सेन’. ५ मार्कचं नाणं आणि किनार दातेरी, असं दिसलं की पुढे बघायची गरज नाही. किनारीभोवती सगळीकडे फिरलेली बारीक शिवण दिसली तर ते साच्यात ओतलेलं आहे.

मग टांकसाळीचं अक्षर. मार्कच्या काळात बव्हेरियाचं नाणं डी म्हणजे म्युनिकचंच असणार, सॅक्सनीचं ई, व्युर्टेम्बर्गचं एफ म्हणजे श्टुटगार्ट, बाडेनचं जी म्हणजे कार्ल्सरूहे, हॅम्बर्गचं जे. प्रशियाचं बहुतेक ए, म्हणजे बर्लिन. १८७०च्या दशकातल्या नाण्यांवर हॅनोव्हरचं बी आणि फ्रँकफर्टचं सी हीसुद्धा सापडतात. सॅक्सनीचा ई आधी ड्रेस्डेनचा, १८८७पासून मुल्डेनह्युट्टेनचा, अक्षर तेच ठेवलं. ज्यांची स्वतःची टांकसाळ नव्हती त्या छोट्या राज्यांची नाणी सहसा बर्लिन पाडून देई. बव्हेरियाच्या राजाखाली ए दिसला तर समोरच्याला हसून नमस्कार करा आणि निघा. मागच्या बाजूच्या गरुडाकडेही बघा: १८८०च्या दशकापर्यंत छातीवर मोठी ढाल असलेला छोटा गरुड, १८९०च्या दशकापासून पंख पसरलेला मोठा. साल १८७६ आणि गरुड मोठा, हे जमत नाही.

दहा पट भिंगाखाली काही टालरांवर एकाच दिशेने गेलेल्या समांतर रेघा दिसतात. नवखा माणूस त्यांना ओरखडे समजून नाणं सोडून देतो. चकती मुद्दाम किंचित जड बनवत आणि ठसा उमटवण्याआधी कानशीने घासून वजन बरोबर करत. त्या कानशीच्या खुणा आहेत. फरक नीट बघितला तर कळतो. कानशीची रेघ ठशाच्या दाबाने चेपलेली असते, अक्षराच्या खाली जाते आणि पलीकडून पुन्हा निघते. नंतर पडलेला ओरखडा अक्षराच्या डोक्यावरून जातो आणि त्याच्या कडेला धातूचा बारीक उचललेला काठ असतो. १८व्या शतकातल्या टालरावर कानशीच्या खुणा असतील तर भाव थोडा पाडून मागा, पण नाणं सोडू नका.

खरं सोडण्यासारखं म्हणजे कडी काढलेलं नाणं. बव्हेरियात पुरुष चामड्याच्या पोशाखावर चांदीच्या साखळीत नाणी लटकवतात. आपल्याकडे रुपयांच्या माळा होत्या तोच प्रकार. कडीचं झाळकाम नंतर काढून तासलं जातं. राजाच्या डोक्याच्या वर, बारा वाजण्याच्या जागी, किनार उजेडात तिरकी धरून फिरवा. दाते किंवा अक्षरं एवढ्याशा जागेत गुळगुळीत झालेली, नाहीतर नंतर कोरून काढलेली दिसतील. असं नाणं चांदीच्या भावाने घ्या, संग्राहकाच्या भावाने नको.

जर्मन विक्रेते हे सगळं प्रामाणिकपणे लिहितात, फक्त जर्मनमध्ये. ‘हेंकेलश्पूर’ म्हणजे कडीची खूण, ‘गेराइनिग्ट’ म्हणजे साफ केलेलं, ‘क्रात्सर’ ओरखडा, ‘रांडफेलर’ किनारीचा दोष, ‘युस्टीर्ट’ म्हणजे वरच्या कानशीच्या खुणा. दर्जा लिहिताना ‘श्योन’ म्हणजे आपल्याकडचं फाइन, ‘झेअर श्योन’ व्हेरी फाइन, ‘फोरत्सुग्लिश’ एक्स्ट्रा फाइन, ‘श्टेम्पेलग्लान्झ’ अनसर्क्युलेटेड. भारतीय संकेतस्थळांवर नुसतं जर्मन सिल्व्हर शोधलंत तर लक्ष्मी-गणपतीची भेटवस्तू नाणी समोर येतील, ज्यांच्यात चांदी औषधालाही नसते. राज्याचं नाव, किंमत आणि साल टाकून शोधा. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, नातेवाईक हॅम्बर्ग-ब्रेमेनला जहाज लागलं की बाजारात फिरणारे असतील तर त्यांच्या हाती आकड्यांची चिठ्ठी आणि छोटा काटा द्या. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात चांदीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या चकत्या मिळतात, त्यांच्यासाठीही तोच काटा.

काय घ्यायचं? माझ्या मते पहिला संग्रह राज्यांचा नव्हे, करारांचा करावा: एक कन्व्हेन्शन टालर, एक चौदाचा प्रशियन, एक फेरआइन्सटालर, एक दक्षिणेचा गुल्डन आणि मग २, ३, ५ मार्क. प्रशियाचा १८६१चा राज्याभिषेक टालर, १८७१चा विजय टालर, लाइपझिग विद्यापीठाच्या ५०० वर्षांचं सॅक्सनीचं १९०९चं नाणं, प्रशियाचं १९१३चं ३ मार्क, ही मुबलक आहेत आणि चांगल्या स्थितीत मिळतात. व्युर्टेम्बर्गचं १९११चं राजा-राणीच्या लग्नाच्या २५व्या वर्षाचं ३ मार्क घेतलंत तर राणीच्या शार्लोटे या नावातलं एच भिंगाखाली बघा. त्याची आडवी रेघ सहसा मधे असते. वर सरकलेली असेल तर तो दुर्मीळ प्रकार आहे. कन्व्हेन्शन टालर म्हणून मारिया तेरेसाचं १७८०चं नाणं गळ्यात मारलं जाईल. त्यावर साल कायम १७८०च, पण ते पुढे दीडशे-दोनशे वर्षं व्हिएन्ना, रोम, लंडन, पॅरिस इथे पाडलं गेलं, आणि दुसऱ्या महायुद्धात चक्क मुंबईच्या टांकसाळीतही. चांदी खरी, पण भाव पुन्हा पाडलेल्या नाण्याचाच द्यायचा. आणि सॅक्सनीचं १९१७चं फ्रीड्रिश द वाइझचं ३ मार्क कुणी देऊ केलं तर विषय तिथेच संपवा. मूळची फक्त १०० पाडली होती.

पावसाळा

कोरड्या हवेच्या गावांसाठी लिहिलेले सल्ले गोव्यात अर्धेच लागू पडतात. इथे जून ते सप्टेंबर घरातली आर्द्रता ८०च्या खाली क्वचित येते, समुद्राकडून खारं वारं येतं, आणि ९०० कसाच्या नाण्यात एक दशांश तांबं असतं. चांदी गंधकाने काळी पडते, तांबं क्षारांनी हिरवं. काळा थर एकसारखा असेल तर तो राहू द्या, संग्राहक त्याला दोष मानत नाहीत. हिरवं मात्र धातू खातं.

पहिला शत्रू मऊ प्लॅस्टिकची पाकिटं. पीव्हीसीतून सुटणारी रसायनं दमट हवेत तांब्याशी मिळून चिकट हिरवा लेप धरतात. पाकिटाला नव्या रेनकोटसारखा वास येत असेल तर ते फेका. पॉलिएस्टरची कडक पाकिटं किंवा ॲक्रिलिकच्या डब्या घ्या. पुठ्ठ्याची दोन इंची चौकोनी पाकिटं वापरायची तर चिकटणारी घ्या. स्टेपलच्या पिना एका पावसाळ्यात गंजतात आणि तो गंज पुठ्ठ्यातून नाण्यापर्यंत पोचतो. रबर बँड, लोकरी कापड, वर्तमानपत्र, नवं प्लायवूड, डांबरगोळ्या: यांपैकी काही त्या खणात नको. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट आतून घामेजतं. ते आतल्या भिंतीला हलवा.

रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा डबा, आत साधारण पाच लिटरला १०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५०मध्ये राहिला पाहिजे. ६०वर गेला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवा, बंद डब्यात गार करा आणि परत ठेवा. डबा पावसात उघडायचाच असेल तर एसी ड्राय मोडवर तासभर चालवून मग उघडा. थंड खोलीतलं नाणं तसंच बाल्कनीत नेलं तर क्षणात त्यावर दव धरतं.

साफसफाई जवळजवळ कधीच नाही. आमसूल, चिंच, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पूड, सगळं समईला ठीक. चांदीचं डिप नावाचं द्रावण प्रत्येक वेळी पृष्ठभागाचा एक पापुद्रा विरघळवतं आणि टांकसाळीची चमक गेली की ती परत येत नाही. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याने नाणं पांढरं होतं, पण निर्जीव पांढरं. पीव्हीसीचा हिरवा लेप लागलेला असेल तेवढाच अपवाद: काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचं नव्हे, कारण त्यात तेलं आणि रंग असतात. १५ मिनिटं बुडवा, ॲसिटोन बदला, पुन्हा १५ मिनिटं. मग डिस्टिल्ड पाण्यात विसळून सुती कापडावर टिपा, पुसू नका. खिडक्या उघड्या ठेवा आणि देव्हाऱ्यातली निरांजन तेवढा वेळ विझलेली असू द्या. ॲसिटोनची वाफ लांबूनही पेट घेते.

कायद्याचं एकच, पण महत्त्वाचं. १९७२च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे जर्मनीहून आणलेलं नाणं पसंत पडलं नाही म्हणून परत पाठवणं, किंवा परदेशी संस्थेकडून दर्जा ठरवून डबीबंद करून घेण्यासाठी धाडणं, हे दोन्ही अडकतं. महाग नाणं घ्यायचं असेल तर ते विक्रेत्याच्या देशातच डबीबंद झालेलं घ्या. परतीची अट कागदावर कितीही आकर्षक असली तरी इथून ती वापरता येणार नाही असंच धरून चाला, आणि मागवण्याआधी सीमाशुल्काचा त्या वेळचा दर विचारून तो किमतीत धरा.